न वाजलेला सूर

आमच्या ओटीवर पश्चिमेच्या खिडकीखाली एक काळा, लांबट कीबोर्ड ठेवलेला असतो. त्याला ६१ पट्ट्या आहेत. परंतु स्वतःचा आवाज नाही. त्याच्या पोटात ना तारा, ना भाता, ना सुरांच्या पितळी जिभा. एका बारीक केबलने तो लॅपटॉपला जोडायचा, लॅपटॉपवरचे पियानोचे सॉफ्टवेअर सुरू करायचे आणि मग पट्टी दाबली की खऱ्या पियानोचा, आधीच मुद्रित करून ठेवलेला सूर स्पीकरमधून ऐकू येतो. माझा मुलगा नोकरीनिमित्त परगावी असतो. २०२० सालच्या टाळेबंदीत तो घरी अडकला होता, तेव्हा वेळ घालवण्यासाठी त्याने ही सामग्री आणली आणि जाताना माझ्यासाठी ठेवून गेला. जाताना म्हणाला, "बाबा, तुमची पायपेटी आता दमलीय. हिच्यावर मुलांना शिकवा."

मी निवृत्त शिक्षक. शाळेत गणित शिकवले आणि चर्चमध्ये चाळीसएक वर्षे गायकवृंदाला साथ केली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना मराठीत आली, त्या काळात मी लहान होतो. गावोगावी नवी मराठी गीते बसवली जात होती. आमच्याकडे साथीला पायपेटी होती, एखादे व्हायोलिन असे. त्या पायपेटीवर माझी बोटे घडली. पेटीचा एक स्वभाव वाचकांना ठाऊक असेल. तिची पट्टी हलके दाबा किंवा जोराने दाबा, सूर तेवढाच येतो. लहानमोठा करायचा तो भात्याने. त्यामुळे आम्हा पेटीवाल्यांचा हात जड असतो. पट्टी तळाला टेकेपर्यंत दाबायची, हीच आमची सवय. या सवयीचा पुढच्या हकिगतीशी संबंध आहे, म्हणून ती आधीच सांगून ठेवतो.

ही गोष्ट २०२२ सालची. पावसाळा सरला होता आणि ऑक्टोबरच्या अखेरीस नाताळच्या गीतांचा सराव आम्ही सुरू केला होता. दर रविवारी संध्याकाळी गायकवृंदातील मुले आमच्या ओटीवर जमत. त्यांत आमच्या आळीतली चौदा वर्षांची एक मुलगी होती. स्वभावाने अबोल. दोन वर्षे ती माझ्याकडे शिकत होती. बोट नाजूक, कान पक्का. मध्यरात्रीच्या मिस्सेत 'सायलेंट नाइट'ची साथ तिने एकटीने करावी, असे मी ठरवले होते.

हे गीत सोपे वाटते, पण वाजवायला सोपे नाही. त्याचे शब्द योसेफ मोर या तरुण धर्मगुरूने १८१६ साली लिहिले आणि चाल फ्रान्झ ग्रुबर या शिक्षकाने १८१८ साली बांधली. ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ या गावच्या चर्चमध्ये २४ डिसेंबर १८१८ रोजी ते प्रथम गायले गेले, तेही गिटारच्या साथीवर. ऑर्गनच्या साथीवर का नाही, याची एक कथा पुढे जगभर सांगितली गेली. उंदरांनी म्हणे ऑर्गनचा भाता कुरतडला होता! या कथेला त्या काळचा पुरावा नाही. तरी दोनशे वर्षांत कितीजणांनी ती सांगितली असेल आणि त्या बिचाऱ्या उंदरांवर किती आळ आला असेल, कोण जाणे! असो. सांगायचे ते असे की, हे अंगाईसारखे गीत आहे. त्याचा पहिला सूर बाळाच्या पाळण्याला हात लावावा इतक्या हळुवारपणे यावा लागतो. आम्ही ते जी पट्टीत बसवले होते. त्या पट्टीत गीत सुरू होते मधल्या सी शेजारच्या डी या सुरावर, आणि दोन सुरांनंतर लगेच पुन्हा त्याच सुरावर येते.

त्या रविवारी ती मुलगी वाजवायला बसली. पंधरा-वीस मुले भोवती उभी होती. मी हाताने इशारा केला आणि पहिला सूर आलाच नाही. गाणे दुसऱ्या सुरापासून सुरू झाले. मुले हसली. मी म्हटले, "पुन्हा." पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तो सूर आला, पण असा आला की जणू कोणी दार आपटले! पाळण्यातले बाळ दचकून उठावे असा.

मी चिडलो. मला वाटले, पोरगी रुसली आहे. दोन वेळा टोकले म्हणून तिसऱ्या वेळी मुद्दाम आपटते आहे.

"पट्टी नीट दाब," मी म्हणालो.

"सर, मी दाबली होती," ती खाली मान घालून म्हणाली.

"दाबली असतीस तर वाजली असती."

एवढ्यावर मी थांबलो असतो तरी बरे झाले असते. पण मी तिला उठवले, स्वतः बसलो आणि माझ्या जड बोटाने तीच पट्टी पाच वेळा दाबून दाखवली. पाचही वेळा ती स्वच्छ वाजली. "बघ," मी सर्वांदेखत म्हणालो, "पट्टीला काही झालेलं नाही. घरी सराव करायचा नसेल तर तसं सांग. खोटं बोलू नकोस."

ती काही बोलली नाही. तास संपेपर्यंत मागे भिंतीला टेकून उभी राहिली. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. अभ्यास आहे, असा निरोप तिच्या आईकडून आला. मी 'सायलेंट नाइट'ची साथ दुसऱ्या एका मुलाकडे सोपवली. तो माझ्यासारखाच दणकट बोटांचा. त्याच्या हाताखाली ती पट्टी सहसा चुकली नाही, आणि एखादवेळी चुकली तर आम्ही कोणी तिकडे लक्ष दिले नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या पत्नीला ताप आला. रात्रभर तिला झोप नव्हती; पहाटे कुठे डोळा लागला. मलाही झोप येईना. मी ओटीवर येऊन लॅपटॉप सुरू केला, आवाज अगदी कमी केला आणि आतल्या खोलीत ऐकू जाऊ नये म्हणून आयुष्यात प्रथमच इतक्या हलक्या बोटाने वाजवू लागलो. सहज म्हणून तेच गीत घेतले. पहिला सूर आला नाही.

मी थांबलो. पुन्हा तितक्याच हलकेपणाने पट्टी दाबली. नाही. तिसऱ्यांदा दाबली तेव्हा स्पीकर दणाणला आणि आतून पत्नीने विचारले, "काय पडलं?"

मी पट्टी दाबली होती आणि ती वाजली नव्हती. त्या मुलीचे वाक्य शब्दशः माझ्यासमोर उभे राहिले.

सकाळ होताच मी भाच्याला फोन केला. तो इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीचे काम जाणतो. संध्याकाळी कामावरून परतताना तो आला. मी घाईने म्हणालो, "लॅपटॉपच बिघडला असणार. नाहीतर ते सॉफ्टवेअर." तो हसून म्हणाला, "मामा, आधीच कोणाला दोषी ठरवू नका. पट्टीपासून स्पीकरपर्यंतचा रस्ता मधोमध तोडू आणि बिघाड कोणत्या अर्ध्यात आहे ते बघू."

मग त्याने जे केले ते मी क्रमाने सांगतो. आज आपल्या कित्येक घरांत आणि चर्चमध्ये अशी वाद्ये आहेत. कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

प्रथम त्याने कीबोर्डला हातच लावला नाही. पियानोच्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर पट्ट्यांचे चित्र असते, त्यातली डीची पट्टी माउसने दाबली. सूर स्वच्छ आला. हळू, मध्यम, मोठा, हवा तसा आला. म्हणजे सॉफ्टवेअर, लॅपटॉप आणि स्पीकर हे तिघेही निर्दोष सुटले. अर्धा रस्ता मोकळा झाला.

मग केबल. त्याने ती बदलली, लॅपटॉपच्या दुसऱ्या खाचेत लावून पाहिली. फरक नाही. तो म्हणाला, "केबलचा दोष असता तर सगळ्याच पट्ट्या अडखळल्या असत्या. सगळ्यांचे निरोप एकाच तारेतून जातात. तार काही एकाच पट्टीवर राग धरणार नाही."

हे निरोप म्हणजे काय, ते त्याने पुढच्या पायरीला दाखवले. त्याने लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्राम सुरू केला. कीबोर्डकडून येणारा प्रत्येक निरोप त्यात आकड्यांच्या ओळीने उमटतो. मी मधला सी दाबला. पडद्यावर ६० हा आकडा आला आणि त्यापुढे ५२. जरा जोराने दाबला. ६० आणि ८८. पहिला आकडा कोणती पट्टी ते सांगतो, दुसरा ती किती वेगाने खाली गेली ते. हा वेगाचा आकडा १ पासून १२७ पर्यंत असतो. पट्टी सुटली की तसा वेगळा निरोप जातो. बस्स, एवढेच. तारेतून सूर जात नाही. कोणत्या पट्टीला, केव्हा आणि किती वेगाने हात लागला याची केवळ वर्दी जाते. ती वर्दी वाचून सूर काढायचे काम पलीकडच्या सॉफ्टवेअरचे.

या वर्दीच्या भाषेला 'मिडी' म्हणतात. १९८० च्या सुमारास निरनिराळ्या कंपन्यांची विजेवरची वाद्ये एकमेकांशी बोलू शकत नसत. प्रत्येकाची भाषा निराळी. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानमधले इकुतारो काकेहाशी हे दोघे प्रतिस्पर्धी कंपन्यांचे संस्थापक; पण सर्व वाद्यांना एक सामाईक भाषा असावी म्हणून ते एकत्र आले. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील एका वाद्यप्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये केबलने जोडून दाखवण्यात आली. एकाची पट्टी दाबली की दुसरेही वाजू लागले. ही भाषा वापरण्यासाठी कोणाकडून शुल्क घ्यायचे नाही असे त्यांनी ठरवले, म्हणूनच ती सगळीकडे पसरली. २०१३ साली दोघांना त्याबद्दल तांत्रिक कामगिरीचा ग्रॅमी सन्मान मिळाला. काकेहाशी २०१७ साली वारले आणि स्मिथ २०२२ साली, म्हणजे माझ्या ओटीवर हे प्रकरण घडले त्याच वर्षी. चाळीस वर्षांपूर्वी दोघा माणसांनी शब्द ठरवून दिले म्हणून आज वसईतला एक कीबोर्ड आणि भलत्याच देशात तयार झालेले सॉफ्टवेअर एकमेकांचे म्हणणे समजू शकतात, याचे मला त्या संध्याकाळी मोठे नवल वाटले.

"आता तुमची ती पट्टी दाबा," भाचा म्हणाला. मी हलकेच डी दाबला. पडद्यावर ६२ हा आकडा उमटायला हवा होता. काहीच उमटले नाही. पुन्हा दाबला. काही नाही. तिसऱ्यांदा दाबला आणि ओळ आली, ६२ आणि १२७.

"बघा," तो म्हणाला, "तुम्ही मोरपीस फिरवल्यासारखं बोट ठेवलंत आणि हा सांगतोय की घण घातला. वर्दीच खोटी येतेय. म्हणजे दोष कीबोर्डच्या पोटात."

मी त्या दोन आकड्यांकडे पाहत राहिलो. ही ओळ म्हणजे एका मुलीवर मी केलेल्या आरोपपत्राची नक्कल होती. 'एकदा वाजवत नाही, एकदा आपटते.' मला जे तिचे दोन अपराध वाटले होते, ते एकाच बिघाडाचे दोन परिणाम होते.

उघडण्यापूर्वी त्याने आणखी एक तपासणी केली. डीपासून आठ-आठ पट्ट्या सोडत तो खाली-वर गेला. अशा वाद्यांत प्रत्येक पट्टीला स्वतंत्र तार नसते. बहुधा आठ-आठ पट्ट्यांचे गट करून उभ्या-आडव्या तारांचे जाळे विणलेले असते. त्यातली एखादी तार तुटली तर नेमकी दर आठवी पट्टी मुकी होते, आणि एखादा गटच तुटला तर लागोपाठच्या आठ पट्ट्या. आमच्याकडे तसे काही नव्हते. मुकी होती ती एकटी ६२. म्हणजे बिघाड तिच्या स्वतःच्या जागेवरच होता. बिघाडाचा आकार पाहिला की त्याचे मूळ ओळखता येते, हे गणिताच्या शिक्षकाला फार आवडले. ओघात त्याने मला इतर बिघाडांच्या खुणाही सांगितल्या. सगळेच सूर दाबल्यानंतर किंचित उशिरा येत असतील, तर कीबोर्ड नव्हे, लॅपटॉपमधली आवाजाची साठवण मोठी ठेवलेली असते. सेकंदाला ४४,१०० नमुने या वेगाने १,०२४ नमुन्यांची साठवण ठेवली, तर त्यानेच सुमारे २३ सहस्रांश सेकंदांचा उशीर होतो. ती २५६ वर आणली की उशीर सहाच्या आत येतो. सूर सुटतच नसतील, एकात एक मिसळत राहत असतील, तर पायाखालचे पेडल उलटे समजले गेलेले असते. पाय न ठेवता कीबोर्ड बंद करून पुन्हा चालू केला की बहुधा ते सरळ होते.

मग केबल काढून टाकून कीबोर्ड उपडा घातला. प्रत्येक पायरीला भाचा मोबाइलवर फोटो काढत होता आणि स्क्रू वेगवेगळ्या वाट्यांत ठेवत होता. पट्ट्यांखाली रबराची लांब पट्टी निघाली. तिच्यावर प्रत्येक सुराच्या जागी दोन-दोन लहान उंचवटे आणि त्यांच्या आत काळ्या कार्बनच्या टिकल्या. पट्टी खाली जाताना त्यातली एक टिकली आधी टेकते, दुसरी क्षणभराने. त्या दोहोंमधला काळ मोजून वाद्य वेग ठरवते. काळ जितका कमी, तितका सूर मोठा. आमच्या डीची आधी टेकणारी टिकली मळली होती. हलक्या स्पर्शात तिचा जोड लागतच नसे, म्हणून वर्दी जात नसे. कधी तो लागे, पण उशिरा, जवळजवळ दुसरीच्या बरोबरीने. मग दोहोंमधला काळ नाहीसा होई आणि वाद्याला वाटे की पट्टी विजेच्या वेगाने खाली आली. जड बोटाचा दाब मात्र मळातूनही जोड लावून घेई. म्हणून माझ्या हाताखाली पाचही वेळा सूर स्वच्छ आला होता. माझा जो पुरावा होता, तो पट्टीच्या निर्दोषपणाचा नव्हता. तो केवळ माझ्या बोटाच्या जडपणाचा होता.

"हा मळ आला कुठून?" मी विचारले.

भाच्याने खिडकीकडे पाहिले. आमची खिडकी पश्चिमेची. पावसाळाभर समुद्राकडचा दमट, खारट वारा तिथून येतो. कीबोर्डवर घालायला मुलाने एक जाड कापड ठेवले होते. रोज घालायचा मला कंटाळा. चार महिने तो तसाच उघडा पडला होता. बारीक धूळ आणि दमटपणा यांचा चिकट थर त्या टिकलीवर आणि तिच्या खालच्या जोडावर बसला होता. म्हणजे दोष कीबोर्डचाही नव्हता. तो शोधत शोधत आम्ही सॉफ्टवेअरकडून लॅपटॉपकडे, लॅपटॉपकडून केबलकडे, केबलकडून पट्टीकडे आलो होतो. आणि आता तो माझ्याच खुर्चीपाशी येऊन थांबला.

कापसाच्या काडीला किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून त्याने ती टिकली आणि खालचा जोड हलक्या हाताने पुसला. खरवडायचे नाही, पाणी लावायचे नाही, पॉलिशपेपर तर मुळीच नाही. कार्बनचा थर गेला की ती पट्टी कायमची गेली. पूर्ण वाळल्यावर रबर पुन्हा आपल्या भोकांत नीट बसवले, स्क्रू लावले, केबल जोडली. मी हलकेच डी दाबला. ६२, ३१. पुन्हा. ६२, ३८. पुन्हा. ६२, ३४. भाचा म्हणाला, "झालं, मामा." एवढ्या दुरुस्तीचा खर्च चहा आणि कापसाच्या दोन काड्या.

पण माझ्या दृष्टीने काहीच झाले नव्हते.

त्या रात्री मी पुष्कळ विचार केला. मी चुकीचा निष्कर्ष काढला, याचे मला फारसे दुःख नव्हते. बिघाड कोणालाही चकवतो. दुःख होते ते याचे की खरे काय ते कळायला एक मिनिट पुरले असते. "बाळ, हेच वरच्या सप्तकात वाजव बघू," एवढे मी म्हणायला हवे होते. वरच्या सप्तकात तिचा पहिला सूर हळुवार आला असता आणि दोष बोटात नाही, पट्टीत आहे, हे तिथेच सिद्ध झाले असते. ज्या माणसाने पस्तीस वर्षे मुलांना 'उत्तर लिहिण्याआधी ताळा करा' म्हणून सांगितले, त्याने स्वतः ताळा केला नाही. यंत्राने चूक केली असेल असे मला सुचले नाही, कारण लहान मुलाने चूक केली असेल असे मानणे अधिक सोपे होते. यंत्र महागाचे होते. मुलगी आळीतली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. तिची आई दारातच होती. "या, सर, बसा," म्हणून तिने खुर्ची पुढे केली. मुलगी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि परत आत जाऊ लागली. मी तिला थांबवले आणि उभ्याउभ्याच सगळे सांगितले, त्या टिकलीपासून खिडकीपर्यंत. शेवटी म्हणालो, "तू पट्टी दाबली होतीस, बाळ. तू खरं बोलत होतीस. मी चुकलो. मला क्षमा कर."

ती बराच वेळ गप्प होती. मला वाटले, ती रडेल, नाहीतर हसेल. तिने दोन्ही केले नाही. आपल्या उजव्या हाताकडे पाहत ती म्हणाली, "सर, मला वाटलं, माझंच बोट कमजोर आहे."

तिची आई म्हणाली, "तरीच! महिनाभर जेवताना, अभ्यास करताना ही टेबलावर बोट आपटत असते. मी विचारलं तर म्हणते, जोर वाढवतेय. मला कळेना हिला काय झालंय."

वाचकहो, हे ऐकून माझ्या मनाचे काय झाले ते मी लिहू शकत नाही. माझी समजूत होती की ती माझ्यावर रागावून घरी बसली आहे. रागावली असती तर बरे होते. राग हे तिच्या मनात सत्य शाबूत असल्याचे लक्षण ठरले असते. पण तिने माझे म्हणणे खरे मानले होते. 'मी दाबली होती' हे स्वतःच्या बोटाने अनुभवलेले सत्य तिने सोडून दिले आणि आपल्या गुरूचे असत्य स्वीकारले. आणि ते बोट, ज्याचा हळुवारपणा हाच तिचा गुण होता, ते माझ्यासारखे जड करण्याचा सराव ती महिनाभर करत होती.

मी तिला चार भिंतींच्या आत रागावलो नव्हतो. तेव्हा क्षमाही चार भिंतींच्या आत मागून भागणार नव्हते. पुढच्या रविवारी सगळी मुले जमल्यावर मी झाले ते सांगितले. हे घरी सांगण्यापेक्षा कठीण गेले. एका लहान मुलाने मध्येच विचारले, "म्हणजे सर, तुमचं चुकलं?" मी म्हणालो, "हो, माझं चुकलं." तो समाधानाने खाली बसला. ती मुलगी मागे भिंतीला टेकून उभी होती. पण या वेळी तिची मान खाली नव्हती.

त्या नाताळला 'सायलेंट नाइट'ची साथ तिने केली नाही. ती आधीच दुसऱ्या मुलाकडे सोपवली होती आणि त्याने मेहनत घेतली होती. त्याच्याकडून ती काढून घेणे म्हणजे एक अन्याय दुरुस्त करण्यासाठी दुसरा करणे झाले असते. मी तिला तसे सांगितले. तिला ते माझ्याआधीच पटलेले होते. ती गायली. चूक कबूल केली की सगळे पूर्ववत होते, असे आपण मुलांना शिकवतो. ते खरे नाही. काही गोष्टी एक वर्ष मागे जातात, आणि चौदाव्या वर्षी एक वर्ष फार मोठे असते. तिचे बोट पुन्हा पूर्वीसारखे हलके व्हायला सगळा उपवासकाळ गेला. २०२३ सालच्या नाताळच्या मध्यरात्री तिने साथ केली. पहिला सूर आला तो इतका हळू, की मागच्या बाकांवरच्या लोकांना गीत केव्हा सुरू झाले ते कळलेच नाही.

कीबोर्ड अजून खिडकीखालीच आहे. ओटीवर दुसरी जागा नाही. पण आता रोज रात्री मी त्याच्यावर कापड घालतो. गेल्या पावसाळ्यानंतर वरच्या बाजूची आणखी एक पट्टी अडखळू लागली होती. एका नवशिक्या मुलाने तिथे तीनदा सूर गाळला. माझ्या ओठांवर जुनेच वाक्य आले होते. ते मी गिळले आणि म्हणालो, "हेच एक सप्तक खाली वाजव बघू, बाळ." त्याने वाजवले. सूर आला. मग आम्ही दोघांनी मिळून कापसाची काडी शोधली.